घोडं नेमकं कुठं पेंड खातं? स्वारीचा घोडा घडवताना आणि पुन्हा घडवताना

घोडा शिकवणाऱ्याला आपल्याकडं चाबुकस्वार म्हणायची जुनी रीत आहे. शब्दात चाबूक आधी, स्वार मागून. माझ्या आज्याच्या दावणीला दोन तट्टं असायची. कंधारच्या बाजाराला, सोयऱ्याधायऱ्यांकडं, लग्नकार्याला तो त्यांच्यावरच जायचा. त्याच्या हातात चाबूक मी कधी पाहिला नाही. तरी त्यानं नुसतं ‘होऽऽ’ म्हटलं की तट्टू उतारावरसुद्धा जागच्या जागी उभं राहायचं. हे त्याला कसं साधलं ते मला कळायला बरीच वर्षं लागली, दोन बरगड्या लागल्या आणि डाव्या हाताचं एक बोट लागलं. बोटाची गोष्ट पुढं येईल.

हल्ली नांदेड, परभणी, लातूर, बीडकडं हौसेनं घोडा घेणारी पोरं वाढलीत. महिनाभरात त्यांचे फोन सुरू होतात. ‘दादा, घोडा अडतोय.’ ‘भाऊ, पाठीवर बसूच देत नाही.’ मी उलट एकच विचारतो : आधीचा मालक ह्याच्याकडून काय काम घ्यायचा? कारण घोड्याची खोड बहुतेक वेळा कुणीतरी शिकवलेलाच धडा असते. शिकवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, एवढंच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

घोडा ओढल्यानं शिकत नाही, सोडल्यानं शिकतो. मोरकीचा, म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवलेल्या साजाचा, दोर हलका पुढं ताणा. घोड्याला तो ताण आवडत नाही, तो काहीतरी करून पाहतो. डोकं वर करील, बाजूला सरकेल, मागं हटेल, आणि कधीतरी एक पाय पुढं टाकील. पाय उचलला त्याच क्षणी तुमचा हात सैल पडला पाहिजे. दोन सेकंदांनी सैल केलात तर त्याला त्याचा संबंध लागत नाही. आणि त्यानं डोक्याला झटका दिला म्हणून घाबरून सोडलात, तर आजचा धडा झाला ‘झटका दिला की सुटका होते’. उद्या तो झटका आणखी जोरात देणार.

पाठीवर बसल्यावरचं सगळं, टाचेचा इशारा, लगामाचा, बैठकीचा, ह्याच एका गोष्टीवर उभं आहे. आज्याचा हात पाहिलेली म्हातारी माणसं म्हणायची, ‘त्याच्या हातात दोर असला तरी दिसायचा नाही.’

विकत घेताना

आपल्या भागात घोडा म्हटलं की माळेगाव. लोहा तालुक्यात खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो. मारवाडी आणि काठेवाडी, दोन्ही आत वळलेल्या कानांची, उंच मानेची जनावरं दिसतील. भीमेच्या खोऱ्यातली बुटकी, दणकट भीमथडीही कधी दिसते. मराठा फौजांनी जिच्यावर मुलुख तुडवला ती हीच. नवशिक्याच्या हाताला माझ्या मते भीमथडीच बरी, पण तिला नाचता येत नाही म्हणून पोरं तिच्याकडं बघत नाहीत.

बाजारात लोक अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का ते बघतात, इंचात उंची मोजतात. मी पाय बघतो. खूर फुटलेला आहे का, चारही पायांवर सारखा भार देतो का, वळताना एखादा पाय चोरतो का. मग दात. घोड्याला बैलासारखे फक्त खालचे नसतात, पुढचे सहा वर आणि सहा खाली असतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या आसपास पक्की येते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. ‘चार वर्षांचा आहे’ म्हणून सांगितलेल्या घोड्याच्या तोंडात कडेचे दुधाचेच दात असतील तर ते खरं असू शकतं. मधलेसुद्धा दुधाचे असतील तर विकणारा लेकराला घोडा म्हणून विकतोय.

‘एकदम गरीब आहे, लेकरू बसवा’ असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. एका यात्रेत मी अशीच एक गरीब घोडी घेतली होती. घरी आणली, पाणी पाजलं, दोन दिवस आराम दिला, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, घातली. तिसऱ्या दिवशी तिनं मला गोठ्याच्या दारातून बाहेर फेकलं. यात्रेत ती गरीब नव्हती, थकलेली आणि तहानलेली होती. तेव्हापासून माझा नियम : घोडा एकदा पहाटे, कुणी त्याला फिरवायच्या आधी बघायचा, आणि एकदा न सांगता संध्याकाळी. मोरकी घालण्यापासून खोगीर कसण्यापर्यंत सगळं मालकाकडून आपल्यासमोर करून घ्यायचं आणि आधी त्यालाच वर बसवायचं. तो बसायला टाळाटाळ करत असेल तर घोडं तिथंच पेंड खातंय.

ग्लँडर्स ह्या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागायला लाजू नका. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित निघालेला घोडा कायद्यानं ठेवता येत नाही. धनुर्वाताची लस घोड्याला हवीच. ह्या रोगाला घोडा फार लवकर बळी पडतो. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गावातल्या डॉक्टरांचा हात गायी-म्हशींवर बसलेला असेल तर घोड्यासाठी तिकडं जायचा कंटाळा करू नका.

पहिले पंधरा-वीस दिवस : खोगीर खुंटीलाच

घोडा आणला की दुसऱ्या दिवशी गावातून मिरवायची हौस सगळ्यांनाच असते. आवरा. हे दिवस दोन कामांचे आहेत : दुखणं शोधणं आणि ओळख करून घेणं.

आधी दुखणं. अंगठ्यानं पाठकण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत सावकाश दाबत जा. एखाद्या जागी पाठ खाली गेली, कान मागं गेले, शेपूट झटकली, तर तिथं खोगीर लागलेलं आहे. तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या, जागी चट्टे आहेत का पाहा. ओठांचे कोपरे फाटलेत का, जिभेवर जुना वण आहे का, पुढचे दात आणि दाढा ह्यांच्या मधली जी मोकळी हिरडी असते, जिथं लगामाचं लोखंड बसतं, ती जागा निबर झाली आहे का. दाढांना बाहेरून धार येते, ती गालाला टोचते. डॉक्टरांकडून कानस मारून घेतली की ‘डोकं झटकणारा’ घोडा आठवड्यात शांत झालेला मी पाहिलाय. खुरं सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्यावी लागतात. काळ्या रानात पावसाळ्याचा चिखल नाल ओढून काढतो आणि उन्हाळ्यात खूर तडकतं, म्हणून आपल्याकडं ह्यात ढिलाई चालत नाही.

मग वजन. टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. म्हणजे घेर 160 आणि लांबी 145 असेल तर घोडा साधारण 312 किलोचा. स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, म्हणजे इथं 62 किलो. हा हिशेब सांगितला की बरेच पाटील गप्प होतात. घोडा अडतोय म्हणून आलेल्या एका गड्याचं वजन नव्वदीच्या पुढं होतं आणि खाली तट्टू होतं. त्या तट्टाला मी काहीही शिकवलं नाही.

खाण्याकडं बघा, कारण अर्धी खोड चंदीतून येते. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण रोज, म्हणजे तीनशे किलोच्या घोड्याला पाच-सहा किलो. ज्वारीचा कडबा बारीक कुट्टी करून, पाण्याचा हबका मारून द्या. नुसता जाड कडबा आणि कमी पाणी हे पोट धरायचं आमंत्रण आहे, आणि घोड्याला ओकता येत नाही. कोवळी किंवा पावसाची ओढ बसून खुरटलेली ज्वारी घालू नका, तिच्यात विष असतं. बुरशी लागलेला मका तर घोड्याच्या मेंदूवर जातो. गायी-कोंबड्यांच्या तयार खाद्यात कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला थोडंसुद्धा जीवघेणं ठरतं, म्हणून पोत्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय ते त्याच्यापुढं ठेवू नका. भिजवलेला हरभरा द्या, पण काम बघून. दिवसभर दावणीला उभा असलेल्या घोड्याला मालक प्रेमानं शेर-शेर हरभरा चारतो आणि संध्याकाळी म्हणतो, ‘लई माजलाय.’ रोज 25 ते 30 ग्रॅम मीठ आणि पुढ्यात कायम पाणी. उन्हाळ्यात एक घोडा दिवसाला चाळीस लिटरसुद्धा पितो.

आता ओळख. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या सरळ मागचं. म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत जा. मागून जायचं झालं तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अंगाला चिकटून जा, नाहीतर लाथेच्या टप्प्याच्या पूर्ण बाहेरून. अर्धवट अंतरावर दुगाणीचा जोर सगळ्यात जास्त बसतो. रोज खरारा करताना बघत राहा, कुठं हात लावलेला आवडतो, कुठं अंग चोरतो. रात्री गोठ्यात तो निवांत असताना छातीचे ठोके आणि श्वास मोजून लिहून ठेवा. ठोके मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, हे ठीक. पुढं काम दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ठोके साठच्या खाली आले नाहीत तर काम जास्त झालं असं समजायचं.

जमिनीवरचं शिक्षण

दोन वर्षांचं शिंगरू असो की बारा वर्षांचा घोडा, इथून सगळ्यांची सुरुवात सारखी. बारा-तेरा फुटांचा मऊ सुती दोर आणि साधी मोरकी. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. माझं बोट असंच गेलं. पोळ्याचे दिवस होते, शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कुणीतरी फटाका लावला, घोडा उडाला आणि दोराचा वेढा आवळला. दोर हातात घड्या घालून धरायचा, ओढला तर घडी सुटते. बांधताना मानेच्या उंचीवर बांधा, आणि खुंटा नि दोर ह्यांच्या मधे सुतळीची एक कडी ठेवा. घोडा घाबरून मागं रेटला तर सुतळी तुटते, मान वाचते.

चार गोष्टी शिकवायच्या : शेजारून चालणं, थांबणं, दोन पावलं मागं सरणं आणि मागचे पाय बाजूला टाकणं. शेवटची बाब लोक सोडून देतात, आणि पुढं तीच जीव वाचवते. पोटाच्या मागच्या भागावर, जिथं पुढं तुमची टाच येणार, तिथं बोटानं दाबा. मागचा पाय बाजूला पडला की बोट काढा. पाठीवर असताना घोडा उधळला आणि एका बाजूचा लगाम सावकाश जवळ घेऊन त्याचे मागचे पाय बाजूला टाकायला लावले, की त्याला सरळ धावायचा जोर मिळत नाही. पण हे आधी उभ्यानं, मग चालीवर, मग दुडकीवर शंभर वेळा झालेलं असलं तरच. पहिल्यांदाच भरधाव पळताना लगाम एका बाजूला खेचलात तर घोड्यासकट आडवे व्हाल.

सगळं डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळं शिकवा. डाव्या बाजूनं पोतं अंगावर टाकू देणारा घोडा उजवीकडून तेच पोतं बघून बुजतो. त्यात लबाडी नाही.

एका वेळी वीस मिनिटं पुरे. चांगलं झालं की तिथंच थांबा. ‘आता जमतंय तर आणखी एकदा’ ह्या मोहानं माझे जितके दिवस वाया गेले तितके घोड्यांच्या हट्टानं गेले नाहीत. मार्गशीर्ष ते माघ हा आपल्याकडचा सोन्याचा काळ, हवा थंड आणि ढेकळं फुटून रान बसलेलं. चैत्रानंतर पहाटे सहाच्या आत कामाला लागा. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की त्या रानात दुडकीसुद्धा नको, पाय अडकून मोडतो. नदीच्या वाळूत चाल बरी, पण खोल वाळूत पळवलं की पायाच्या शिरा सुजतात.

कोवळं जनावर

चांदणी माझ्याकडं आली तेव्हा अडीच वर्षांची होती. पाठीवर मी तिच्या चौथ्या वर्षात बसलो. गावानं वर्षभर चेष्टा केली की हा घोडी पाळतो की सून. पण घोड्याच्या पाठकण्याची हाडं पूर्ण जुळायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. तीन-साडेतीनला हलका स्वार, आठवड्यातून तीन-चारदा, पंधरा-वीस मिनिटं, एवढंच तिला सोसतं.

मधल्या काळात ती रिकामी नव्हती. मोरकीला दोन लांब दोर लावून मी तिच्या मागून, लाथेच्या टप्प्याबाहेर राहून बांधाबांधानं चालत फिरलो. डावा दोर, उजवा दोर, होऽऽ, चल. पाठीवर कुणी नसतानाच तिला वळणं कळली, ट्रॅक्टर कळला, तुरीतून उडणारे तितर कळले, ओढ्याचं पाणी कळलं. मग नुसतं घोंगडं, मग खोगीर. तंग एकदम आवळायचा नाही. आधी घसरणार नाही इतपत, दहा पावलं चालवून एक भोक, पुन्हा चालवून आणखी एक. लगामाच्या लोखंडाला गूळ चोळला की तोंड ती आपणहून उघडते. लोखंड साधं, गुळगुळीत, मधे एक सांधा असलेलं. ओठाच्या कोपऱ्याला एखादी सुरकुती पडेल इतकंच वर.

पाठीवर वाळूचं पोतं टाकून घोडं मोडायची पद्धत आपल्याकडं आहे. मला ती पटत नाही. पोतं लटकतं, घसरतं, त्याला घोडीचा श्वास कळत नाही. त्यापेक्षा एकानं डोक्याशी उभं राहायचं, दुसऱ्यानं ओट्यावर चढून तिच्या पाठीवर पोटावर आडवं व्हायचं, चार श्वास, खाली. दुसऱ्या दिवशी आठ. ती मान खाली घालून ओठ चाटायला लागली की पाय पलीकडं. रिकिबीत पाय फक्त पुढच्या अर्ध्या तळव्यापर्यंत, टाचेचे बूट, डोक्याला हेल्मेट. चपलेनं रिकिबीत पाय घालणाऱ्याला मी घोड्याजवळ उभं करत नाही. पाय आरपार जाऊन अडकला की माणूस फरपटतो.

वरातीचा घोडा : सगळ्यात अवघड

‘वरातीमागून घोडं’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. वरातीनंतर त्या घोड्याचं काय होतं, ते फार जणांना ठाऊक नसतं. लग्नसराईला नको झालेला, पाय दुखायला लागलेला, रागीट झालेला घोडा यात्रेत स्वस्तात विकला जातो, आणि देखणा असल्यामुळं नवशिक्याच गळाला लागतो. राजा माझ्याकडं असाच आला. नऊ वर्षांचा, पांढरा, आयाळ खांद्याखाली.

पहिल्या दिवशी तो इतका शांत होता की माझी बायको म्हणाली, चांगला मिळाला. मला ती शांतता आवडली नाही. कान हलत नव्हते, माशी बसली तरी कातडी थरथरत नव्हती, डोळा कुठंतरी लांब. सालगड्याच्या लेकरानं डबा वाजवला आणि राजानं पुढचा डावा पाय उचलला, मग उजवा, मग डावा. कुणीही सांगितलं नव्हतं.

अशा घोड्याचं तोंड बघितलं की कळतं. काटेरी लोखंड वापरून त्याला नाचवलेलं असतं. स्वारीच्या जनावराला काटे असलेलं लोखंड घालणं 1965च्या नियमांनी बंद आहे, तरी यात्रेत उघड्यावर विकायला असतं. लगाम आवळून धरायचा, हलगी वाजवायची, पुढं जाऊ द्यायचं नाही. ताण सुटतो तो फक्त पाय नाचवल्यावर. म्हणजे वर सांगितलेला नियम इथं पुरेपूर वापरलेला आहे, शिकवणारा पक्का होता. आता तुम्ही वर बसता आणि थांबवायला लगाम ओढता. तुम्ही ‘थांब’ म्हणता, त्याला ‘नाच’ ऐकू येतं. तो नाचतो, तुम्ही घाबरून आणखी ओढता, तो आणखी नाचतो, शेवटी मागच्या दोन पायांवर उभा राहतो. मग लोक म्हणतात, घोडा बिघडला. घोडा तर हुकूम पाळतोय.

त्याची जुनी भाषा पुसता येत नाही. नवी शिकवता येते. राजाच्या तोंडातलं लोखंड मी पहिल्याच दिवशी काढलं आणि पाच महिने परत घातलं नाही. नाकावर मऊ गुंडाळी असलेल्या मोरकीवरच सगळं काम केलं. ‘थांब’साठी नवा इशारा शोधला, ज्यात ओढणं नाही : मी श्वास सोडतो, स्वतः थांबतो, होऽऽ म्हणतो. जमिनीवर, शेजारून चालत. तो थांबला की कपाळ खाजवायचं, अर्धा मिनिट काही करायचं नाही. त्याला हे काही न करणंच नवीन होतं.

दुसरं काम मान खाली आणायचं. कानांच्या मागं डोक्यावर तळहात, दुसऱ्या हातानं दोराचा जेमतेम ताण खाली. एक बोटभर खाली आली की दोन्ही हात दूर. तीन आठवड्यांत मान गुडघ्यापर्यंत यायला लागली. वरातीच्या घोड्याची मान वर्षानुवर्षं वर बांधलेली असते, खालचे स्नायू दगड झालेले असतात. मान खाली गेली की पाठ सुटते, श्वास सुटतो, डोळा जवळ येतो. एक दिवस त्यानं माशी उडवायला कातडी थरथरवली. ते बघून मला जे वाटलं ते मी घरात कुणाला सांगितलं नाही.

मग हलगी. फोनवर हलगीचा आवाज, अगदी बारीक, पन्नास-साठ पावलांवर, तो वैरण खात असताना. खाणं थांबलं तर आवाज जास्त झाला, लांब जा. खात राहिला तर उद्या दोन पावलं जवळ. ह्यात घाई केलीत तर महिन्याचं काम एका संध्याकाळी जातं. माझं गेलं : गावात निवडणुकीची मिरवणूक निघाली, डीजे थेट आखाड्यासमोरून, आणि मी पुन्हा साठ पावलांवर.

पाठीवर बसलो तेव्हा पहिल्या दहा दिवसांत लगामाला हात जवळजवळ लावलाच नाही. चाल, श्वास, होऽऽ. गोल वळण, होऽऽ. जुन्या सवयीनं नाचायला लागला तर ओढायचं नाही, हात पुढं सोडायचे आणि चालत पुढं न्यायचं. पुढं चालणाऱ्या घोड्याला जागेवर नाचता येत नाही. तो दोन पायांवर उभा राहायला लागला तर अंग पुढं, हात सैल, लगामाला लोंबकळायचं नाही. लगामाला लोंबकळलेला स्वार घोडा स्वतःवर पालथा पाडून घेतो. आणि नवशिक्यानं अशा घोड्यावर मुळात बसू नये, त्याचं जमिनीवरचंच काम करावं आणि पहिली स्वारी जाणत्याला द्यावी. ह्यात कमीपणा नाही.

शर्यतीचा, अडेल आणि म्हातारा

पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले उंच घोडे आता आपल्याकडंही दिसतात. त्यांचं उलटं आहे. लगामाचा ताण म्हणजे त्यांना आधार, त्यावर रेलून पळायचं शिकवलेलं असतं. तुम्ही जितकं ओढाल तितका तो पळेल. त्याला आधी उभं राहायला शिकवा, ओट्याशी, कुणी चढेपर्यंत. त्याला हरभरा कमी, वैरण भरपूर, आणि मोकळं रान रोज.

अडेल घोडा बहुतेक वेळा घराकडं तोंड करून अडतो. गावाबाहेरच्या लिंबापाशी थांबला, तुम्ही मारलं, शेवटी कंटाळून परत फिरलात : तो शिकला की लिंबापाशी थांबलं की घरी जाता येतं. लिंबाच्या अलीकडं, तो अडायच्या दहा पावलं आधी, तुम्हीच थांबवा, उतरा, तंग सैल करा, हिरवा घास द्या, आणि मग परत या. उद्या पाच पावलं पुढं. उलट घरी आल्यावर लगेच खोगीर काढू नका, दारातच दहा मिनिटं वळणं घ्या. आठवड्याभरात घर आणि रान ह्यांचे भाव बदलतात.

बुजणाऱ्याला बुजलेल्या वस्तूपाशी ओढत नेऊ नका. त्याला बघू द्या, आडवं न्या, मागं या, पुन्हा न्या. चावणाऱ्याला हातावर गूळ-भाकर देणं बंद करा, खाणं फक्त गव्हाणीत. निम्म्या चावऱ्यांचा इलाज तिथंच होतो.

म्हाताऱ्या घोड्यांबद्दल एकच सांगतो. सतरा-अठराव्या वर्षीही घोडा नवं शिकतो, तरण्यापेक्षा शांतपणे शिकतो. त्याचं अंग फक्त उशिरा मोकळं होतं. आधी पंधरा मिनिटं नुसती चाल, सैल लगामावर. थंडीच्या सकाळी पहिली पावलं लंगडल्यासारखी पडतात, ती दहा मिनिटांत सुटली नाहीत तर त्या दिवशी काम नाही. दाढा झिजलेल्या असतात, म्हणून कुट्टी भिजवून द्या. लेकरांना स्वारी शिकवायला माझ्याकडची काशी, वीस वर्षांची, तिच्याइतका चांगला गुरुजी मला तरी माहीत नाही. लेकरू एका बाजूला कललं की ती आपणच थांबते.

दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

घोडा घडला की पाव्हणा येतो आणि म्हणतो, एक चक्कर मारू द्या. पाव्हण्याच्या एका चकरेत राजाचा महिना वाया गेल्यावर मी एक पुठ्ठा लिहून गोठ्याच्या दाराला टांगला. थांबवायला काय म्हणायचं. लगाम ओढायचा नाही. टाच कुठं लावायची, किती. उजवीकडून चढलं तर चालतं. वजनाची मर्यादा. वाचून झाल्यावर आधी जमिनीवर, शेजारून चालत, तीन वेळा थांबवून दाखवायचं. ज्याला ते जमत नाही त्याला चहा मिळतो.

परवा गावात लग्न होतं. वरात वेशीतून आली तेव्हा राजा बांधावर चरत होता, मी दोर सैल धरून शेजारी. हलगी तापली तसा त्यानं डावा पाय उचलला. मी श्वास सोडला आणि उभा राहिलो. तो पाय तसाच हवेत बराच वेळ होता. मग त्यानं तो खाली ठेवला आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.